हाक मारली की वळतो

“हा हात कानाकडे कुणी नेला?”

पुष्कर हसला. त्याला वाटलं, सरांना आवडलं.

“मीच, सर. दुसरं कोण नेणार?”

बशीर इनामदारांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि तोंड लॅपटॉपच्या अगदी जवळ नेलं. पडद्यावर एक लहान मुलगा पाठमोरा उभा होता. निळा शर्ट, खाकी चड्डी, तेल लावून बसवलेले केस. त्याचे खांदे हळूहळू वर-खाली होत होते. श्वास घेतल्यासारखे.

खाली तीन बटणं होती. ‘हाक मारा’. ‘फोटो बघा’. ‘मला कुठं पाहिलंत?’

सरांनी पहिलं बटण दाबलं.

मुलगा वळला. डावा हात वर गेला, बोटांनी कानाची पाळी धरली. मान जराशी कलली. तो हसला... आणि पुन्हा पाठ करून उभा राहिला.

सर बघत राहिले.

मुलाचं नाव वेणू गड्डम. सोलापुरातल्या गड्ड्याच्या जत्रेत आईचा हात सुटला आणि तो गर्दीत गेला तो गेलाच. बाप अंबादास यंत्रमागावर टॉवेल विणायचा. त्यानं गल्लोगल्ली पत्रकं चिकटवली. ती उन्हानं पिवळी पडली, पोरांनी फाडली, त्यांच्यावर दुसऱ्या जाहिराती चढल्या. मूल काही मिळालं नाही.

पुष्कर देशमाने मूळचा सोलापूरचाच. पुण्यात त्याचा वेबसाइटची अ‍ॅनिमेशनं करणारा स्टुडिओ होता. सुट्टीत गावी आला असताना असं एक पिवळं पत्रक त्यानं पाहिलं आणि वेणूसाठी इंटरनेटवर हे पान करायचं काम आपणहून अंगावर घेतलं. मनात कणव होती, हे खरं. हे आपल्यालाच जमेल, अशी खात्रीही होती.

चित्र हलवायला त्याला इनामदार सरांनी शिकवलं होतं. सरांनी उमेदीत शाळांच्या टीव्ही कार्यक्रमांसाठी हातानं हजारो चित्रं काढली, पुढं कॉम्प्युटरवर मुलांना शिकवलं. आता बोटं थरथरायची. सोलापुरात, कंबर तलावामागच्या घरात ते एकटे राहत. कुणी काही दाखवायला आलं, तर बघत.

“पत्रकाकडं कोण बघतं, सर?” पुष्कर म्हणाला. “इथं माणूस स्वतः हाक मारतो. पोरगं वळून त्याच्याकडंच बघतं. मग फॉर्म भरल्याशिवाय तो जाऊच शकत नाही. रोज इतके फॉर्म येताहेत, की पोलिसांकडं पाठवता पाठवता दमलोय मी.”

“त्याच्या आईला विचारलंस?”

“काय?”

“तो कान धरायचा का.”

“तिच्याकडं एकच फोटो होता, सर. शाळेतला, ताठ उभा. फोटो हलत नाही. हालचाल मलाच द्यावी लागली.”

“कुठून आणलीस?”

“आणली कुठून नाही... हातातून आली.”

सरांनी लॅपटॉपचं झाकण अर्धवट मिटलं. आतला उजेड त्यांच्या बोटांवर पडला.

“हात कुणाचा तरी असतोच,” ते म्हणाले.

त्यांनी झाकण उघडून मुलाच्या हातावर बोट ठेवलं.

“तो काढून टाक.”

“सर, त्या हातामुळंच तर सगळं आहे! तो काढला तर नुसता ठोकळा उरेल.”

सर उठले, खिडकीशी गेले आणि तलावाकडे बघत उभे राहिले. पाठमोरे. पुष्करनं लॅपटॉप पिशवीत टाकला आणि तो निघाला. म्हातारपणी माणसाला नवं काही सोसत नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं.

पुढच्या आठवड्यात फॉर्मांची भाषा बदलली.

आधी लोक शर्टाबद्दल लिहायचे, रंगाबद्दल लिहायचे. आता कुणीतरी लिहिलं : “होटगी स्टेशनवर दिसला. कान धरून उभा होता.”

दुसरा फॉर्म लातूरचा. “देवळाच्या पायरीवर. डावा कान धरलेला.”

तिसरा गुलबर्ग्याचा. त्याच दुपारचा.

पुष्करला आधी आनंदच झाला. लोक नीट बघताहेत! मग त्यानं नकाशा उघडला. एक पोर एकाच दुपारी तीन गावांत उभं होतं.

माणसांना भास होतात, त्यानं स्वतःला समजावलं. चित्र डोळ्यांत बसलं की जिथं तिथं दिसतं. यात नवल काही नाही.

मग एक फॉर्म आला. नाव नाही, गाव नाही.

“आम्ही हाक मारली. तो वळला. कान धरला. हसला. मग पुन्हा पाठ केली. आम्ही परत हाक मारली. तो पुन्हा वळला. तस्साच.”

पुष्करनं ते दोनदा वाचलं. बाहेर ऐन दुपारचं ऊन होतं, रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. त्यानं वेणूचं पान उघडलं. कोणतंही बटण न दाबता नुसता बघत बसला. निळा शर्ट. वर-खाली होणारे खांदे. ते खांदे त्यानंच काढले होते. चार चित्रं, पुन्हा पुन्हा फिरणारी.

तरी त्याला वाटलं, आपण इथं बसलोय हे याला ठाऊक आहे.

त्यानं पान बंद केलं आणि सोलापूरची गाडी पकडली.

गड्डमांचं घर पूर्व भागात, यंत्रमागांच्या गल्लीत होतं. खटखटाट इतका, की बोलायचं तर जवळ जावं लागे. वेणूच्या आईनं, रेणुकानं, त्याला पाट दिला, पाणी दिलं. मुलगा हरवल्यापासून ती वाळत चालली होती. आज मात्र तिचा चेहरा उजळलेला होता.

“वहिनी, एक विचारायचं होतं. वेणू कान धरायचा का हो कधी?”

“धरायचा की!” ती पटकन म्हणाली. “पहिल्यापासनं. हा... डावा.” तिनं आपला हात वर नेला, पाळी धरली, मान कलती केली. “तुम्ही किती बरोब्बर काढलंय हो, पुष्करभाऊ. मी रोज बघते. दिवसभर हाक मारते. दरवेळी वळतोय.”

पुष्करनं अंबादासकडं पाहिलं. अंबादास खाली बघत होता.

पुष्कर निघाला तेव्हा अंबादास गल्लीच्या तोंडापर्यंत सोबत आला.

“ती खोटं नाही बोलत,” तो म्हणाला. “तिला तसंच आठवतंय आता.”

“आणि तुम्हाला?”

“वेणू माझा डबा घेऊन कारखान्यात यायचा. मी मागावरनं हाक मारली की तो बघायचा माझ्याकडं. कसं बघायचा, ते डोळे मिटले की दिसायचं मला. रोज दिसायचं.”

माग खटखटत राहिले.

“आता मिटले की तुमचा दिसतोय.”

पुष्करनं त्याच दिवशी पानावरचा हात काढून टाकला. मुलगा आता वळायचा, हसायचा, परत फिरायचा. हात बाजूला लोंबत राहायचे. सरांचं ऐकलं, आता झालं, असं त्याला वाटलं.

फॉर्म येतच राहिले. कान धरून. कान धरून. कान धरून.

आणि एक दिवस पोरगा सापडला.

शेजारच्या जिल्ह्यात अनाथ मुलांचं एक बालगृह होतं. तिथल्या अधीक्षिका शेंडगेबाईंनी फॉर्म भरला, मग स्वतःच फोन केला. कुठल्याशा गाडीत सापडलेला मुलगा, वय जुळतं. स्वतःचं नाव सांगत नाही, कुणाशी बोलत नाही. पण ‘वेणू’ म्हटलं की वळतो.

“आणि...” फोनवर बाई थांबल्या, “कान धरतो.”

अंबादास, रेणुका आणि पुष्कर तिघेही गेले. बालगृहाची लांब पडवी, टोकाला एक खिडकी. खिडकीशी एक मुलगा पाठमोरा उभा.

रेणुकानं हाक मारली.

“वेणू...”

मुलगा वळला. डावा हात वर गेला. पाळी धरली. मान कलली. तो हसला.

रेणुका धावली. तिनं त्याला छातीशी धरलं आणि तिच्या तोंडून जे निघालं ते रडणं की हसणं, कुणालाच कळलं नाही. तिच्या खांद्यावरून मुलाचा चेहरा पुष्करकडे बघत होता. हसू तसंच होतं. ते जरा जास्त वेळ टिकलं.

अंबादास जागचा हलला नाही.

“पुष्करभाऊ,” तो हळूच म्हणाला, “त्याचं तोंड तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळ बघितलंय. सांगा. माझाच आहे का?”

पुष्करनं नाक पाहिलं, भुवया पाहिल्या, हनुवटी पाहिली. यातली रेष न् रेष त्यानं काढली होती. आता त्याला त्यातलं काहीच ओळखता येईना. कानाशी धरलेला हात तेवढा दिसत होता.

त्यानं मान डोलावली. हो.

कायद्यानं रक्ताची तपासणी झाली. उत्तर यायला वेळ लागला. तोवर नवरा-बायको दर रविवारी शेंगापोळ्या घेऊन जायचे. रेणुका हाक मारायची, मुलगा वळायचा. ती खायला घालायची, तो खायचा. बोलत नव्हता, पण तिच्या पदराचं टोक मुठीत धरून बसायला लागला होता.

तपासणीचं उत्तर आलं. मुलगा त्यांचा नव्हता.

“कागदाला काय कळतंय?” रेणुका म्हणाली. “माझा नाही, तर कान धरायला कुणी शिकवलं त्याला?”

अंबादासनं हे फोनवर सांगितलं. त्या आठवड्यात पुष्कर एकटाच बालगृहात गेला.

भर दुपार. अंगणात कडुलिंबाची सावली आणि तिच्यात पोरांचा खेळ चालला होता. सगळी भिंतीकडे तोंड करून, रांगेत, गप्प उभी. एकजण मागं उभा राहून ओरडला,

“वेणू!”

सगळी वळली. सगळ्यांचे डावे हात वर गेले. सगळ्यांनी कान धरले. माना कलल्या. सगळी हसली.

मग पुन्हा भिंतीकडे वळून उभी राहिली.

पुष्कर पायरीवर बसला.

“घाबरू नका,” शेंडगेबाई म्हणाल्या. “तुमचंच आहे हे. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर पोरं ते पान उघडून बसायची. बटण दाबायला भांडायची. आता खेळच केलाय त्याचा. जो आधी हात सोडील, तो बाद.”

“पण हात तर मी काढून टाकला होता... केव्हाच.”

“हो? पोरांना काही फरक पडला नाही बघा.”

“तो मुलगाही खेळायचा यात?”

“नाही. तो खिडकीतून बघायचा.” बाईंनी पडवीच्या टोकाकडे बोट दाखवलं. “आधी तर तो कुठल्याच हाकेला वळत नव्हता, साहेब. बहिरा आहे म्हणून डॉक्टरला दाखवलं होतं आम्ही. एक दिवस वळला. मी आनंदानं लगेच फॉर्म भरला.”

अंगणातून पुन्हा हाक आली. पुष्करनं मागं वळून पाहिलं नाही.

तो थेट कंबर तलावामागच्या घरी गेला. सर ओसरीत बसले होते. त्यानं एका दमात सगळं सांगितलं.

“आता मी काय करू, सर? खरं सांगितलं, तर त्या पोराचा रविवार जाईल. त्याला कुणीच नाही. नाही सांगितलं, तर वेणूला शोधणं थांबेल. तो सापडलाय असं समजून ती बसून राहील.”

सरांनी काठी भिंतीला टेकवली. पुष्कर पुढं सरकला.

“आणि सांगितलं, तर तिच्याजवळ आहे तो वेणूही जाईल.”

“कुठला?” सर म्हणाले.



सर भिंतीला धरून उठले. चपला शोधल्या.

“रविवारी मीही येतो.”

रविवारी पडवीत एका बाकावर रेणुका आणि अंबादास बसले होते. डबा अजून उघडला नव्हता. मुलगा टोकाच्या खिडकीशी, नेहमीसारखा पाठमोरा. पुष्कर त्या दोघांसमोर फरशीवर बसला आणि त्यानं सांगितलं. फोटो ताठ होता. हालचाल मी दिली. तो हात वेणूचा नाही. माझ्या मनचा आहे. या पोरांनी तो तिथूनच उचलला.

रेणुका ओरडेल, असं त्याला वाटलं होतं. ती ओरडली नाही.

तिनं डबा मांडीवर ओढला.

“मग माझा कसा वळायचा?” तिनं विचारलं.



“सांगा की ओ,” ती नवऱ्याला म्हणाली. “तुम्ही तर रोज हाक मारत होता. कसा वळायचा माझा?”

अंबादास उठला. त्यानं त्यांच्याकडे पाठ केली. थोडा थांबला. मग आठवत आठवत, अंग चोरत, हळूहळू मान वळवायला लागला... आणि त्याचा डावा हात वर यायला लागला. त्यानं उजव्या हातानं तो मनगटात पकडला. खाली दाबून धरला.

“येत नाही,” तो म्हणाला. “येत नाही मला.”

रेणुकानं खिडकीकडे पाहिलं. सवयीनं तिचे ओठ उघडले. हाक बाहेर आली नाही.

तेवढ्यात इनामदार सर उठले. काठी टेकत पडवीच्या टोकाला गेले. त्यांनी हाक मारली नाही. मुलाच्या खांद्याला हात लावला नाही. त्याला वळसा घालून ते पलीकडे गेले, खिडकी आणि मुलगा यांच्यामधल्या वीतभर जागेत कसेबसे शिरले, आणि गुडघे कुरकुरत असताना खाली बसले. त्याच्या तोंडासमोर तोंड.

बाकावरच्यांना मुलाची पाठ तेवढी दिसत होती.

सरांनी काहीतरी विचारलं. फार लहान प्रश्न असावा.

मुलगा उभा. खांदे वर-खाली होत होते.

सर वाट बघत बसले. बाहेरचं ऊन एका फरशीवरून दुसरीवर सरकलं. म्हाताऱ्याचे पाय दुखत असतील, असं वाटून पुष्कर उठू लागला, तर अंबादासनं त्याला हातानं खाली बसवलं.

मग मुलगा वाकला. त्यानं सरांच्या कानाशी तोंड नेलं.

जे बोलला, ते पडवीत कुणालाही ऐकू आलं नाही.

सरांनी मान डोलावली. रेणुकाकडे पाहिलं. ती उठली, डबा घेऊन गेली, आणि तीही वळसा घालून पुढच्या बाजूनं गेली. तिला जागा करून देण्यासाठी मुलगा एक पाऊल मागं सरला. ती खाली बसली. तिनंही विचारलं. तिला त्यानं लवकर सांगितलं. तिनं पोळी मोडली आणि अर्धी त्याच्या हातात दिली.

पुष्करनं त्याच बाकावर लॅपटॉप उघडला. ‘हाक मारा’ हे बटण काढलं. पाठमोरा मुलगा पुसला, त्याचा श्वासही पुसला. वेणूचा शाळेतला ताठ फोटो लावला. फॉर्म तेवढा ठेवला. वेणूचा चेहरा सरळ समोर बघत होता. घाबरल्यासारखा, कॅमेऱ्यापुढं उभं केलेलं कुठलंही पोर बघतं तसा. हा चेहरा आपण कधी नीट पाहिलाच नव्हता, असं पुष्करला वाटलं.

वेणू अजून मिळालेला नाही. फॉर्म फार थोडे येतात. त्यांत कान धरल्याचं कुणी लिहीत नाही. अंबादास आलेला प्रत्येक फॉर्म हातात घेऊन त्या त्या गावी जाऊन येतो. आणि रविवारी दोघं बालगृहात जातात. रेणुका त्या मुलाला त्यानं सांगितलेल्या नावानं बोलावते. ते नाव तिनं नवऱ्याला सांगितलंय. पुष्करला नाही.

पुष्करनं विचारायचं टाळलं. पण ते नाव त्याच्या मनातून जाईना. काम करता करता हात थांबायचा. शेवटी एकदा तो सोलापूरला गेला.

सर ओसरीत डोळे मिटून बसले होते.

“सर... त्या दिवशी तो मुलगा काय म्हणाला?”

सरांनी डोळे उघडले नाहीत.

“त्याचं नाव काय आहे, सर? तेवढं तरी सांगा.”

“सांगितलं, तर तू त्याचं चित्र काढशील.”